शेवटची बांदी भिजेपर्यंत

मनाली झोपली की तृप्तीचं ऑफिस उघडायचं. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात टाकलेली चटई, मांडीवर लॅपटॉप, आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेली झोळीची दोरी. जुन्या लुगड्याच्या त्या झोळीत दहा महिन्यांची मनाली मुठी मिटून निजलेली. पाय हलत राहिला की पोर निजून राहते, पोर निजली की काम होतं. पाय थांबला, की त्या दिवसाचं ऑफिस सुटलं असं समजायचं. नवरा संघपाल चिखल्याला खाणकामगारांची बस चालवायचा आणि सुट्टीलाच घरी यायचा. घरात इतर दिवशी दोघी सासूसुना आणि ही मूठभर पोर.

काम होतं नागपूरच्या एका लहानशा कंपनीचं. गावतलावांसाठी त्यांनी 'पाटपाणी' नावाचं सॉफ्टवेअर पॅकेज केलं होतं. तलावाच्या पारीतून, म्हणजे बांधातून, पाटात पाणी सोडायचं जे तोंड, ज्याला इकडे तुडूम म्हणतात, त्यावर मोटर बसवायची. शेजारी पत्र्याची पेटी आणि पेटीत हे पॅकेज. कोणाच्या धानाला किती वेळ पाणी ते पेटी पाहणार, तुडूम उघडणार, मिटणार, शेतकऱ्याच्या फोनवर निरोप धाडणार. गावोगावची तऱ्हा वेगळी, म्हणून पॅकेजातल्या काही सुविधा ऐच्छिक होत्या. हव्या तर चालू करा, नको तर राहू द्या. प्रत्येक सुविधेला एक छोटं नाव आणि नावापुढे एका ओळीचं वर्णन. गावातली पाणी समिती ती ओळ वाचून हो किंवा नाही म्हणते. नव्या आवृत्तीसाठी ही नावं आणि या ओळी नीट मराठीत आणायचं काम तृप्तीकडे आलं होतं.

तिने फाइल उघडली. 'एसएमएस: एसएमएस सपोर्ट सक्षम करते.' त्याखाली, 'सेन्सर: सेन्सर सपोर्ट सक्षम करते.' तिला हसू आलं. डब्यात काय आहे असं विचारावं आणि समोरच्याने सांगावं, डब्यातलं आहे, तशातली गत.

मग तिसरी ओळ आली. 'मॅन्युअल-ओव्हरराइड: मॅन्युअल ओव्हरराइड सपोर्ट सक्षम करते.'

तृप्तीचा पाय थांबला. ही ओळ तिने ऐकली होती.

मागच्या हंगामात पेटी पहिल्यांदा त्यांच्याच गावात, कारध्यापासून थोड्या आतल्या या गावात, लागली होती. पेट्या बसवणाऱ्या पिंटूने ग्रामपंचायतीत एकेक ओळ वाचून दाखवली, तेव्हा तृप्ती नव्या सुनेसारखी बायकांच्या मागे बसली होती, पोटात मनाली. समितीचे अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, "हे ओव्हरराइड का भानगड हाय बे?" पिंटूने डोकं खाजवून सांगितलं, एकाच्या हुकमावर दुसऱ्याचा हुकूम. तेवढ्यावर डोमा पाणकर ताडकन उठला होता. तुडूम उघडणं-मिटणं आणि पाणी शेतोशेती फिरवणं हे पाणकराचं काम, आणि डोमा या तलावाचा पाणकर जन्मभराचा. "मायावर हुकूम चालवाले नागपूरवाले कोन? बंद ठेवा ते!" सगळ्या सभेने मान डोलावली. ओळ बंद राहिली.

आता तृप्तीने त्या नावाखालचा कोड उघडून वाचला. ही सुविधा डोमावर हुकूम चालवणारी नव्हतीच. हुकूम मोडायचा होता तो पेटीचा, आणि मोडणारा होता डोमा. पेटीने ठरवलेली वेळ संपली तरी पाणकराने खटका दाबून धरला की तुडूम मिटत नाही, एवढंच ती करत होती. आणि डोमाने स्वतःच उभं राहून ती बंद करवली होती.

त्याचं काय झालं ते घरातल्या धान साठवायच्या ढोलीला माहीत होतं. डोमाने आयुष्यात कधी घड्याळ पाहून तुडूम मिटलं नाही. फावडं खांद्यावर टाकून तो पाटाच्या कडेने चालत जायचा, शेवटच्या बांदीतला धान भिजलेला पाहायचा, मग परत यायचा. बांदी म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी आखलेला धानाचा तुकडा. पेटीने सगळ्या बांद्यांना सारखी वेळ दिली, पण कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो, आणि शेवटच्या बांद्यांची वेळ पाटाची तहान भागवण्यातच संपायची. पहिल्या बांद्या मधुकररावांच्या. शेवटच्या सगळ्या तृप्तीच्या मोहल्ल्यातल्या लोकांच्या, आणि अगदी शेवटची तिच्या सासूची, सुमनबाईंची. हे असं का, ते गावात कोणी विचारत नाही, कारण ठाऊक सगळ्यांनाच आहे. ऐन निसवताना पाणी हुकलं आणि त्या बांदीत निम्म्या लोंब्या पोचट निघाल्या. उन्हाळ्याआधीच ढोलीचा तळ दिसला.

आणि आता बाहेर पुन्हा धान गर्भात होता. पावसाने पाठ फिरवली होती. शनिवारी पिंटू नवी आवृत्ती घेऊन येणार होता आणि समिती पुन्हा एकेक ओळ ऐकून हो-नाही म्हणणार होती.

झोळीतून कुरकुर आली. तृप्तीने पाय हलवला. "निज माझी बाई," ती पुटपुटली, "आजची ही एक ओळ तेवढी होऊ दे."

पहिला फोन डिंपलला. डिंपल म्हणजे तिची वरिष्ठ, नागपूरची, बोलायला फटकळ आणि मनाने बरी.

"नाव बदलायचंय?" डिंपल म्हणाली. "तृप्ती, यार, आधीच्या गावांच्या सेटिंगमध्ये जुनं नाव लिहिलेलं आहे. आपण बदललं तर त्यांची पेटी ते नाव ओळखणारच नाही. ज्यांच्याकडे चालू आहे त्यांचं चूपचाप बंद होईल."

"जुनं नावही चालू ठेवू ना. पेटीला जुनं दिसलं की तिने ते नवं समजावं आणि पडद्यावर सांगावं की नाव बदललंय."

"आणि तो कोड कोण लिहिणार?"

"मी."

"तुझ्या मांडीवर पोर असतं."

"पोर मांडीवर असतं, मॅडम. हात मोकळे असतात."

डिंपल हसली. "बरं, नवं नाव काय?"

"पाणकर."

"पुण्याच्या माणसाला समजेल?"

"पुण्याच्या माणसाला तुडूम मिटायचंय का? बाहेरच्यासाठी वर्णन आहे ना. त्यात सांगू पाणकर काय करतो ते."

"वर्णन कोणी वाचत नाही गं."

"वाचण्यासारखं कुठे असतं? 'सपोर्ट सक्षम करते' हे वाचून तुम्ही तरी काय ठरवाल?"

मग डिंपल म्हणाली, "एकच ओळ. पेटीचा पडदा छोटा आहे, लांब झाली तर मागचा भाग कापला जातो, बाण दाबल्याशिवाय दिसत नाही. आणि उद्या संध्याकाळपर्यंत. नंतर मी आवृत्ती बंद करणार."

तृप्तीने पहिली ओळ लिहिली, 'पाणकराला तुडूम हाताने चालवण्याची मुभा देते.' आणि अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसलेल्या सुमनबाईंना वाचून दाखवली.

"मुभा?" सुपातून वर न पाहता सुमनबाई म्हणाल्या. "डोमाले मुभा कोन देते वो? त्याच्या बापापासून तोच तं चालवते."

"पेटी देते, आई."

"पेटी कालची." सूप फटफटलं. "आन हे बंद ठेवलं तं काय होते?"

तृप्ती आत आली. खरंच, ते तिने लिहिलंच नव्हतं. चालू केल्यावर काय होतं हे अर्धं सांगणं, आणि माणूस तर नेहमी दोन वाटांवर उभा असतो. तिने पुन्हा लिहिलं. मनाली उठली, तिला पेज भरवली. अर्धी पेज लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, ती पदराने पुसली. पुन्हा बाहेर गेली. 'वेळ संपली तरी पाणकर तुडूम उघडे ठेवू शकतो. बंद केल्यास घड्याळाप्रमाणे मिटते.'

"ठेवू शकतो, कायले ठेवन पन? त्याले झोप नाई का?"

"शेवटच्या बांदीत पाणी पोचेपर्यंत ठेवन ना आई."

सुमनबाईंचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग तेच लिव ना बाई. बांदी लिव. तिथंच तं हाय सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनालीला कडेवर घेऊन ती पारीवर गेली. तलाव काठोकाठ होता, वाऱ्याने बारीक लाटा पारीच्या दगडांना लागत होत्या. डोमा मोहाच्या सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. शेजारी पेटी, आणि पेटीवर त्याचं वाळत घातलेलं धोतर.

"डोमाबाबा, मागच्या साली तुमी हे बंद कायले करा म्हटलं होतं?"

"मले वाटलं माया हातावर नागपूरवाले हात ठेवून राहिले."

"उलटं होतं ते. तुमच्याच हातात द्याले होतं." तिने तिची ओळ वाचून दाखवली. शेवटची बांदी भिजेपर्यंत पाणकर तुडूम मिटू देत नाही.

खर्ऱ्याची पन्नी डोमाने घडी करून खिशात ठेवली, परत काढली. "मंजे मीच…?" तो म्हणाला आणि पाटाकडे पाहत राहिला. सुमनबाईंच्या पोचट लोंब्या त्याने आपल्या हाताने चोळून पाहिल्या होत्या मागच्या साली. मग एकदम ओरडला, "त्या पिंट्याच्या मायले! सिधं सांगाले का झालं होतं त्याले?"

मनाली दचकून हसली. त्याने तिच्या गालाला बोट लावलं. "लिव, लिव. आता मी सोताच हो म्हनतो सभेत."

"पण बाबा, असं किती वेळ जास्त उघडं राहते?"

"पाट किती कोरडा त्याच्यावर हाय. कमी पानकळ्याच्या साली लई पानी जाते त्याच्यात. तलाव पटकन उतरते. मंग समोरचे लोक बोंबलतात का मांगच्यायनं तलाव पेला." त्याने डोळा मिचकावला. "ते नको लिवू बरं."

ती पारीवरून उतरली, तो शब्द मनात घेऊनच. ते नको लिवू.

घरी आल्यावर मनाली झोपायला तयार नव्हती. तिला मांडीवर आडवी घेऊन, एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने तृप्ती लिहू लागली. 'शेवटची बांदी भिजेपर्यंत पाणकर तुडूम मिटू देत नाही. बंद केल्यास घड्याळाप्रमाणे मिटते. चालू केल्यास तलावाचे पाणी जास्त लागते.'

डिंपलने दिलेल्या पेटीच्या नकली पडद्यावर तिने ओळ टाकून पाहिली. पडद्यात बसलं ते 'मिटू देत नाही' इथपर्यंत. पुढचं कापलेलं. पाणी जास्त लागतं हे दिसत नव्हतं. बाण दाबला तरच दिसणार, आणि सभेत बाण कोण दाबतो? पिंटू तर जांभया देत वाचतो.

ती पाहत राहिली. तिने काही लपवलं नव्हतं. ओळीत सगळं होतं. पडदा छोटा, त्याला ती काय करणार? उद्या कोणी विचारलंच तर बोट ठेवून दाखवता येईल, हे बघा, लिहिलंय. धान गर्भात, ढोली रिकामी, आणि मांडीवर ही दोन दात आलेली बया जिला आता गुरगुट्या भात लागणार. तो भात कुठल्या बांदीतून येणार?

"पाठवली का वो?" सुमनबाईंनी दारातून विचारलं.

तृप्तीने डोमा काय म्हणाला ते सांगितलं. पडद्याचंही सांगितलं. सुमनबाई उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मधुकररावाले पाणी जास्त लागते हे दिसलं तं तो नाईच म्हनन."

"हो."

"मंग?"

"मंग मागच्या साली सभेनं न समजता नाई म्हटलं, आन औंदा मी त्यायले न समजता हो म्हनाले लावीन. फरक का राहिला आई?"

"फरक धानाचा," सुमनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. त्या उठल्या, मनालीला तिच्या मांडीवरून उचललं आणि खांद्यावर टाकलं. "पोरगी मले दे. तू तुयं कर. कसं करतेस ते तुले समजते."

हात मोकळे झाले. तृप्तीने ओळ खोडली, पुन्हा लिहिली, शब्द पुढे-मागे केले. एकदा जास्तीचं पाणी कापलं जायचं, एकदा बांदी कापली जायची. दोन्ही पडद्यात बसेपर्यंत ती उठली नाही. शेवटी बसलं ते असं:

'पाणकर: पाणी जास्त लागते, शेवटची बांदी भिजेपर्यंत पाणकर तुडूम मिटू देत नाही. बंद केल्यास घड्याळाप्रमाणे मिटते.'

पडद्यावर दिसत होतं 'पाणी जास्त लागते, शेवटची बांदी भिजेपर्यंत'. तिने ओळ पाठवली, जुन्या नावाचा कोड जोडला, आणि डिंपलचं उत्तर यायच्या आत लॅपटॉप मिटला.

शनिवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पिंटूने पारीवरची पेटी काढून आणून टेबलावर ठेवली. एसएमएस झाला, सेन्सर झाला. मग त्याने वाचलं, "पाणकर. पाणी जास्त लागते…"

"पाहा!" मधुकररावांनी टेबलावर थाप मारली. "मशीनच सांगून राहिली. पाणी जास्त लागते. खोडा ते!"

समोरच्या खुर्च्यांत हशा पिकला. डोमाने वळून तृप्तीकडे असं पाहिलं की जणू तिने त्याचं फावडं विहिरीत टाकलं. "म्हटलं होतं ना तुले," त्याचे नुसते ओठ हलले.

"अजून हाय काकाजी," तृप्ती उभी राहिली. मनाली कडेवर, तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात. "पिंटूभाऊ, पुरं वाचा."

पिंटूने पुरं वाचलं. हशा थांबला. मागच्या सतरंजीवर बसलेल्या मंदाबाई म्हणाल्या, "मंजे मागच्या साली आपन डोमाचाच हात बांधून ठेवला होता का वो?"

मधुकररावांनी चष्मा लावला, पेटी स्वतःकडे फिरवली आणि ओळ परत वाचली. "हे लिवलं कोनं? नागपूरवाल्यायनं?"

"मी लिवलं," तृप्ती म्हणाली.

"तू? सुमनची सून ना तू? तुमचीच बांदी हाय शेवटची."

"हो जी."

"मंग पाणी जास्त लागते हे कायले लिवलं?"

"लागते म्हणून." तिने मनालीच्या तोंडातला मणी सोडवला. "मागच्या साली कोणाले काई समजलं नाई, तं कोणाले दोष बी देता आला नाई. आता दोन्ही बाजू समोर हायेत. नाई म्हनाचं असन तं म्हना काकाजी, तुमचा हक्क हाय. फक्त आईकडे पाहून म्हना."

सुमनबाई सतरंजीच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला नाही की मान खाली घातली नाही. मधुकररावांनी एकदा तिकडे पाहिलं आणि नजर डोमाकडे वळवली.

"डोमा, तलाव कसा हाय?"

"भरून जास्तीचं झालेलं पानी सलंगावरून वाहून राहिलं होतं आत्ता आत्तापर्यंत. काठोकाठ हाय."

"तलाव उतरला तं?"

"तं मीच येऊन सांगीन. बंद करा तवा."

"तू सांगशीन?" मधुकरराव फिस्सकन हसले. "तू तं मागच्यायचा मानूस."

"मी पाण्याचा मानूस हाओ," डोमा म्हणाला, आणि यावर मात्र समोरच्या खुर्च्याही हसल्या नाहीत.

मधुकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "औंदापुरतं," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या साली परत वाचाचं, परत ठरवाचं. आन माया पयल्या पाण्याले हात लागला नाई पायजे."

"नाई लागत."

"लाव बे पिंटू."

पिंटूने खूण केली. सभा पुढच्या ओळीवर गेली.

सोमवारी दिवस कलता कलता शेवटच्या बांद्यांची वेळ आली. तृप्ती मनालीला घेऊन पारीवर डोमाजवळ उभी होती. सुमनबाई दूर पाटाच्या टोकाला, आपल्या बांदीच्या धुऱ्यावर. पेटीने वेळ संपल्याचा आवाज केला. मोटर गुरगुरली. डोमाने खटका दाबला आणि धरून ठेवला. मोटर थांबली, तुडूम उघडंच राहिलं, पाणी पाटात फेसाळत राहिलं. मनाली त्या आवाजाकडे दोन्ही हात करून झेप घेत होती, तृप्तीने तिला घट्ट धरलं.

बोटं पांढरी पडेपर्यंत डोमाने खटका धरला होता.

बऱ्याच वेळाने तृप्तीचा फोन वाजला. पलीकडे सुमनबाईंचा श्वास आणि पाण्याची चुळबुळ.

"आलं वो! पायाच्या घोट्याले लागलं." मग पाण्यात पाय आपटल्याचा आवाज, त्या चालत होत्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, तपासत. "चारी कोने भिजले."

तृप्तीने फोन डोमाच्या कानाला लावला.

"अजून थोडं सोडू का, सुमनबाई? मागच्या सालचं बी वसूल होऊन जाईन."

"नाई, नाई!" सुमनबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मनालीनेही फोनकडे वळून पाहिलं. "भिजली म्हन्ते ना मी? मिटव आता. पाणी जास्त लागते म्हणून माया सुनेनं सभेत सांगतलं हाय."

डोमाने खटका सोडला. मोटर गुरगुरली आणि तुडूम हळूहळू खाली बसलं.